खरखर थांबली की

परुळेकर मॅडम फोन उचलल्यावर लगेच ‘हॅलो’ म्हणत नसत. रिसीव्हर कानाला लावून नुसत्या थांबायच्या. पलीकडच्याला वाटायचं, लाइन कट झाली. तो दोनतीनदा ओरडून फोन ठेवणार, एवढ्यात इकडून हळूच यायचं, “हां, बोला.” माझी बायको त्यांना फोन करायला घाबरायची. “तुमच्या मॅडम नुसता श्वास घेतात हो फोनवर. मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं,” म्हणायची. चूक तिची नव्हती. आपण बोलायच्या आधी लाइनवर दुसरं कोणी बोलत नाही ना, याची मॅडमना खात्री करून घ्यायची असायची. घरच्या फोनवर दुसरं कोण बोलणार, हे त्यांना कोणी पटवू शकलं नाही. त्यात अधूनमधून क्रॉस कनेक्शन लागायचं आणि मग दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ अशा नजरेने बघायच्या.

नव्वदच्या दशकातली बरीचशी वर्षं मी या बाईंबरोबर एका केबिनमध्ये काढली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, तुर्भ्याच्या अलीकडे आमची केमिकल कंपनी. मी सेफ्टी डिपार्टमेंटला आणि त्या वायरलेसच्या बेसवर. बेस म्हणजे टेबलावरचा मोठा सेट. त्याची अँटेना पाण्याच्या उंच टाकीवर होती आणि कंपनीभर फिरणाऱ्या माणसांच्या हातात चोवीस छोटे सेट, ज्यांना सगळे वॉकीटॉकी म्हणायचे. आमच्या दोघांच्या मध्ये प्लायवूडचं अर्धं पार्टिशन होतं. ते दिसणं अडवायचं, ऐकणं अजिबात नाही.

आणि ऐकायला सतत एकच गोष्ट असायची, खरखर. बेसच्या स्पीकरमधून सकाळी येण्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत ती खरखर चालू. भजी तळल्यासारखी. माझं डोकं उठायचं. कोणी बोलत नसेल तेव्हा आवाज बंद ठेवणारं बटण त्या सेटला होतं, हे मला दुसऱ्याच आठवड्यात समजलं. मी मोठ्या उत्साहाने ते फिरवायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

“राहू दे जाधव. खरखर ऐकू येते म्हणजे कोणी बोलत नाहीये. खरखर थांबली की समजायचं, कोणीतरी बटण दाबलं. शब्द नंतर येतात. माणूस आधी येतो.”

“पण शब्द आले की कळेलच की.”

“आणि आलेच नाहीत तर?” त्या म्हणाल्या.

बोलणं तिथेच संपलं आणि माझी डोकेदुखी कायमची झाली.

दिसायला अगदी साध्या. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी, वर एसी लागतो म्हणून बारा महिने स्वेटर. डाव्या मनगटात बांगड्यांच्या वर रबर बँड. दुधाच्या पिशव्यांचे, हाराच्या पुडीचे, मिठाईच्या खोक्याचे, जे मिळेल ते मनगटात. कोणी विचारलं तर “लागतात” एवढंच सांगायच्या. आणि खरोखर कधी ना कधी कोणाला तरी लागायचे आणि तो माणूस मुकाट्याने त्यांच्याकडेच यायचा.

पूर्वी त्या आमच्याच कंपनीच्या टेलिफोन बोर्डवर होत्या. वायरलेस आला तेव्हा बोलण्याचं काम म्हणजे परुळेकर मॅडम, असा हिशेब करून साहेबांनी त्यांना इकडे पाठवलं. त्या मला म्हणायच्या, “तिकडे सुख होतं हो. प्रत्येकाची वायर वेगळी. इथे सगळ्यांची हवा एकच.”

ही एकच हवा मला त्यांनी पहिल्याच दिवशी समजावली. मी नवा होतो, कऱ्हाडकडून आलेला. हातात वॉकीटॉकी मिळाल्यावर जे कोणीही करेल तेच मी केलं. बटण दाबून म्हणालो, “हॅलो, हॅलो, टेस्टिंग, वन टू थ्री.” मॅडम पार्टिशनला वळसा घालून आल्या आणि सेट माझ्या हातातून काढून घेतला.

“जाधव, आत्ता तुम्ही कोणाचं तोंड दाबलंत माहीत आहे?”

मी इकडेतिकडे बघितलं.

“लग्नघरात पाहुणे चोवीस आणि न्हाणीघर एक. आत जायच्या आधी दार वाजवता की नाही? एक माणूस बोलतोय तोवर बाकीच्यांनी ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं की दोघांचंही बोलणं फुकट. ऐकणाऱ्याला नुसती किंकाळी ऐकू येते. मग दोघंही सभ्यपणे थांबतात आणि परत दोघंही एकदमच दाबतात. परत किंकाळी. म्हणून नियम. आधी ऐका, मग दाबा. दोघं आदळलात तर लहान नंबरवाल्याने आधी बोलायचं, मोठ्या नंबरवाल्याने थांबायचं. थांबलात की तुमचा नंबर येतोच.”

‘आधी ऐका, मग दाबा’ हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणालो असतो. नवा ठेकेदार येवो, नवा फिटर येवो, मॅडम त्याला समोर बसवून हा पाठ घ्यायच्या आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायच्या.

सेटचे नंबरही त्यांनीच ठरवले होते आणि ते हुद्द्याप्रमाणे नव्हते. जिथे धोका जास्त तिथे नंबर लहान. ॲसिडच्या टाक्यांवर एक आणि दोन. रिॲक्टरवर तीन. असं करत करत जनरल मॅनेजर साहेबांना चोवीस नंबर मिळाला, माळ्याच्याही नंतरचा. साहेबांना पहिल्यांदा वाटलं, चुकून झालं असेल. एकदा सकाळी पाहुण्यांची गाडी कुठे आहे हे विचारायला त्यांनी बटण दाबलं आणि त्याच क्षणी रिॲक्टरवरच्या काशिनाथनेही दाबलं. किंकाळी. कोण आदळलं हे किंकाळीतूनही ओळखणाऱ्या मॅडमचा लगेच आवाज, “चोवीस, थांबा. तीन, बोला.” सगळ्या कंपनीने ते ऐकलं. फिटर लोक दिवसभर एकमेकांना “चोवीस, थांबा” म्हणत फिरत होते.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मीही गेलो, कारण मॅडमना एकटीला जायला भीती वाटत होती. साहेब काही म्हणायच्या आतच त्या म्हणाल्या, “साहेब, तुमच्याकडे टेलिफोन आहे, गाडी आहे, शिपाई आहे. तीन नंबरकडे फक्त ते बटण आहे.” साहेब माणूस बरा. त्यांनी चहा मागवला. मॅडमनी तो घेतला नाही, कारण तेवढा वेळ बेसवर कोणी नव्हतं.

भित्र्या म्हणाल तर इतक्या भित्र्या की सांगता सोय नाही. सकाळी शिफ्ट सुरू झाली की हजेरी घ्यायच्या. “एक.” “एक हजर.” “दोन.” “दोन हजर.” चोवीसपर्यंत. मधल्या कोणी उत्तर दिलं नाही की पुढचा नंबर घ्यायच्या नाहीत. पुन्हा हाक, पुन्हा हाक, मग मला, “जाधव, बघून या ना जरा.” मी सायकल काढून उन्हातून जायचो, तर नऊ नंबर स्टोअरमध्ये गप्पा मारत बसलेला आणि सेट खिडकीत. मी चडफडत परत यायचो. त्या समोर निवलेला चहा ठेवून तशाच बसलेल्या असायच्या. “आहे ना?” विचारायच्या. आहे म्हटलं की मग पहिला घोट.

एवढी भीती का, यावर कंपनीत बऱ्याच कथा होत्या. कोणी म्हणे, त्यांचा भाऊ समुद्रात बुडाला, हाका मारत होता. कोणी म्हणे, आधीच्या कंपनीत त्यांच्यादेखत आग लागली. शेवटी एकदा मीच धीर करून विचारलं. त्या जरा आश्चर्याने बघत राहिल्या.

“तसं काहीच झालेलं नाही हो. घाबरायला काही व्हायलाच हवं का?”

त्या राहायच्या नेरूळला, नव्या सेक्टरातल्या एका सोसायटीत. गणपतीत मी एकदा दर्शनाला गेलो. परुळेकर साहेब बँकेत होते आणि बोलण्याची त्यांना फार हौस. मी चपला काढल्यापासून मोदक संपेपर्यंत ते मालवणचा समुद्र, बँकेची युनियन आणि सोसायटीची पाण्याची मोटर यांवर एका दमात बोलले. मॅडम मधेच काही सांगायला तोंड उघडायच्या, थांबायच्या, पुन्हा मिटायच्या. पाणी द्यायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, “आमच्या घरात एक बटण अडकलेला सेट आहे.” मी ठसका लागेपर्यंत हसलो. मग विचारलं, बटण अडकलेला म्हणजे काय?

त्यांचं हसू गेलं. “त्याचीच तर मला भीती आहे जाधव. एखाद्या सेटचं बटण दाबलेलं राहिलं ना, तर तो एकटाच सगळी जागा अडवून बसतो. बाकीचे तेवीस मुके. आणि त्याला सांगायचं कसं? बटण दाबलेलं असताना सेटला ऐकूच येत नाही. ज्याला सांगायचं तोच बहिरा.”

यावर उपाय एकच होता, दुसरं चॅनेल. अडचणीसाठी राखीव. त्याची परवानगी दिल्लीहून यायची होती. अर्ज केव्हाच गेला होता. मॅडम दर महिन्याला ऑफिसात जाऊन विचारायच्या आणि ऑफिसवाले दर महिन्याला “येईल हो मॅडम, टेन्शन नका घेऊ” म्हणायचे. टेन्शन न घेणं हे त्यांना जमण्यासारखं असतं तर आणखी काय हवं होतं.

त्या वर्षी शटडाउन पावसाळ्यात आला. शटडाउन म्हणजे सगळा प्लांट बंद करून दुरुस्ती. रिॲक्टर म्हणजे दोन मजले उंच पोलादी भांडं. ते रिकामं करून, धुऊन, वरच्या गोल झाकणातून माणसं आत उतरवायची. आत घासायचं, वेल्डिंग करायचं. हवा नेहमीच खराब व्हायची शक्यता, म्हणून आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर झाकणापाशी एक माणूस. त्याने जागा सोडायची नाही, आत उतरायचं नाही. काही झालं तर सेटवर बोलून मदत मागायची. हा माणूस म्हणजे आमचा तीन नंबर, शिरवण्याचा काशिनाथ म्हात्रे. चाळिशीतला, धिप्पाड, मिशाळ. मॅडमपुढे मात्र शाळेतल्या मुलासारखा उभा राहायचा. मॅडमचा पाठ त्याच्याइतका मनावर कोणी घेतला नव्हता.

पाऊस असा लागला होता की दोन दिवसांत तीन सेटमध्ये पाणी गेलं आणि ते वाळवून पुन्हा चालू करावे लागले. मॅडमची झोप उडाली. तिसऱ्या दिवशी सकाळी येताना त्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठाच घेऊन आल्या. एकेक सेट पिशवीत घालायचा, पिशवी घट्ट गुंडाळायची आणि वरून मनगटातला रबर बँड. बटण पिशवीवरून दाबता यायचं. प्रत्येक सेट त्यांनी स्वतः बांधला, स्वतः दाबून बघितला आणि मग दिला. मोठे रबर संपले तेव्हा शेवटच्या काहींना लहान, घट्ट बसणारे लावले. मनगट मोकळं झालं. त्या दिवशी हजेरीला सगळे नंबर एका हाकेत आले आणि त्यांनी चहा गरम असतानाच प्यायला.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. मी डबा उघडला होता. पार्टिशनपलीकडे खरखर थांबली.

मॅडमचा हात वर झाला. कोणी बोलणार असलं की मला गप्प करायला त्या तसा तळवा वर करायच्या. मी घास हातात धरून थांबलो. शब्द आले नाहीत.

“बोला, बोला,” त्या माइकला हात न लावता पुटपुटल्या.

प्लास्टिकवर पडणाऱ्या पावसाची टपटप. चिखलात फच्च फच्च वाजणारे गमबूट. आणि कोणीतरी आपल्याच नादात गुणगुणत चाललेला.

मी पार्टिशनला वळसा घालून गेलो. “जाधव, बटण अडकलं,” त्या म्हणाल्या. मग नुसतं मनगटाकडे बघितलं. त्यांना तेव्हाच कळलं होतं.

“येईल लक्षात त्याच्या,” मी म्हणालो.

“रिॲक्टरमध्ये माणसं आहेत.”

मी रिॲक्टरजवळच्या कंट्रोल रूमला फोन लावला. वाजत राहिला, सगळे जेवायला. भोंगा वाजवू का म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “नको नको. भोंगा ऐकला की सगळे गेटकडे पळतील. आतला आतच राहील.” पळत जावं म्हटलं तर प्लांटचं टोक मला दिसतसुद्धा नव्हतं, इतका पाऊस. आणि स्पीकरमधून तो शहाणा आरामात गुणगुणत होता. मला त्याचा गळा धरावासा वाटला. एरवी बेसच्या आवाजावर मी इतका वैतागायचो, पण त्या क्षणी ती खरखर परत यावी म्हणून मी काहीही दिलं असतं.

मॅडमनी माइक उचलला. दुसऱ्याच्या बोलण्यावर त्यांनी कधी बटण दाबलं नव्हतं. बेसचा सेट ताकदीचा होता, त्यामुळे त्यांचा आवाज त्या अडकलेल्या सेटला मागे सारून बाकीच्यांपर्यंत पोचला असता. पण उलट काहीही आलं नसतं. कोणी ऐकलं की नाही, हेही कळलं नसतं. त्यांनी दाबलं.

“बेसकडून सगळ्यांना. मला कोणाचंही ऐकू येत नाहीये. उत्तर देऊ नका, थांबूही नका. आत माणूस असेल तर बाहेर काढा. मदत लागली तर रेलिंगवर पाना आपटा. ज्याला आवाज येईल त्याने हातातलं टाकून धावा.”

सोडलं. टपटप, फच्च फच्च, गुणगुणणं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच शब्द, त्याच क्रमाने. पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा सोडलं तेव्हा पावसाच्या मागून, लांबून, काहीतरी ऐकू आलं. ठण. ठण ठण. ठण.

गुणगुणणं थांबलं. गमबूट थबकले आणि मग पळायला लागले.

पुढचं सगळं आम्ही त्या अडकलेल्या बटणातूनच ऐकलं. मी प्रथमोपचाराच्या खोलीला फोन करून माणसं रिॲक्टरकडे पाठवली आणि परत येऊन उभा राहिलो. लोखंडी जिन्यावर धाडधाड पावलं. धापा. आणखी पावलं. मग काशिनाथचा आवाज, “वढा! माझ्या एकट्याच्यानं वढवत नाय, वढा!” कोणीतरी रडत होतं की ओरडत होतं, कळत नव्हतं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं आणि एक शब्द सांगता येत नव्हता. मॅडमनी माइक दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. बऱ्याच वेळाने कोणीतरी खोकलं. खूप खोकलं, ओकलं, पुन्हा खोकलं.

“हाय, हाय, जिता हाय.”

मग अगदी जवळून कोणीतरी म्हणालं, “आयला, तुझा सेट चालूच हाय की रे!” आणि खरखर परत आली.

आतला माणूस काशिनाथचाच साडू होता, ठेकेदाराकडे वेल्डर. काही दिवस हॉस्पिटलमध्ये राहून घरी आला. चौकशी झाली. पावसाळी कोटाच्या खिशात सेट ठेवून जेवायला निघालेल्या फिटरवर सगळे घसरले होते, तेवढ्यात मॅडम उभ्या राहिल्या. “रबर मी लावलं होतं,” म्हणाल्या. साहेब म्हणाले, “मॅडम, तो विषय नाही.” त्या म्हणाल्या, “तोच विषय आहे, साहेब.” शिक्षा कोणालाच झाली नाही. सेटना चामड्याची पाकिटं आली. मॅडमच्या मनगटात पुन्हा रबर बँड दिसला नाही.

पण खरा घाव चौकशीत नाही बसला. तो बसला काशिनाथ आभार मानायला आला तेव्हा. साडू घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो पिशवीभर कोलंबी घेऊन केबिनमध्ये आला. मॅडमनी त्याला बसवलं आणि विचारलं, “काशिनाथ, मी बोलायच्या आधी तुम्ही काय करत होतात? तो आत कधी पडला?”

“कवाचाच पडलेला मॅडम. तुमचा आवाज आला त्याच्या बऱ्याच आधी.”

“मग ठोकलं का नाही, ओरडलात का नाही?”

“कोनतरी बोलत व्हता ना सेटवर. सेटची बारकी लाइट पेटलेली, म्हंजे जागा अडलेली.” तो अगदी सरळ चेहऱ्याने, जरा अभिमानानेच सांगत होता. “तुमीच सांगलेलं, दुसऱ्याच्या वर दाबू नका, थांबलं की आपला नंबर येतो. म्हनून थांबलो.”

तो गेल्यावर मॅडमनी कोलंबीची पिशवी उचलून खाली ठेवली. मी म्हणालो, “त्याने दाबलं असतं तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं. तुम्हालाच माहीत आहे.”

“मला माहीत आहे हो. त्याला कुठे माहीत होतं? थांबलं की नंबर येतो, असं मी त्याला म्हणायला लावलं होतं. समोर माणूस पडलेला आणि तो माझं वाक्य धरून उभा होता.” मग त्या रडल्या. मी पार्टिशनपलीकडे जाऊन बसलो, जणू त्याने ऐकू येणं थांबणार होतं.

त्यानंतर पाठात एक वाक्य वाढलं. जिवाचं काम असेल तर कोणाचं ऐकू नका, माझंसुद्धा. आणि सकाळच्या हजेरीत एक बदल झाला. एक हजर, दोन हजर, आणि मग, “तीन, थांबायचं नाही हं.” काशिनाथ म्हणायचा, “नाय मॅडम.” रोज. इतर लोक पहिले काही दिवस हसले, मग त्यांना सवय झाली. मॅडमना सवय झाली असं मला कधी वाटलं नाही. रोज ते म्हणताना त्यांच्या कपाळावर तीच आठी असायची.

दशक संपत आलं तेव्हा नवी यंत्रणा आली. तिच्यात बरीच चॅनेल होती आणि कोणाला कुठलं द्यायचं हे कॉम्प्युटर ठरवायचा. जागा नसली तर सेट आपणच रांगेत उभा राहायचा आणि नंबर आला की टूं करायचा. दाखवायला आलेला इंजिनीयर मोठ्या ऐटीत म्हणाला, “आता दोघं एकदम बोलूच शकत नाहीत, मॅडम.”

“आणि जिवाचं असेल तर?”

त्याने सेटच्या डोक्यावरचं नारिंगी बटण दाखवलं. ते दाबलं की बाकी सगळे बाजूला आणि जागा याची. मॅडमनी सेट हातात घेतला, ते बटण अंगठ्याने चाचपलं आणि विचारलं, “हे आधी का नव्हतं हो?”

नव्या यंत्रणेला बेसवर माणूस लागत नव्हता. कंपनीने मॅडमना टेलिफोन बोर्डवर परत जायला सांगितलं. त्या म्हणाल्या, नको, आता पुरे. जुना सेट ज्या दिवशी बंद होणार, त्याच दिवशी त्यांनीही निघायचं ठरवलं.

कॅन्टीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. हार, शाल, भाषणं. मॅडमचं लक्ष नव्हतं. दोनदा त्यांनी खुणेने मला बेसवर कोणी आहे का बघायला पाठवलं. काशिनाथ आला नव्हता. रिॲक्टरमध्ये माणसं उतरली होती आणि त्याला जागा सोडता येत नव्हती. शिफ्ट संपायला आली तेव्हा त्या केबिनमध्ये आल्या, हार टेबलावर ठेवला आणि माइक उचलला. आधी ऐकलं. खरखर.

“बेसकडून सगळ्यांना. परुळेकर बोलतेय. मी निघते.”

बटण सोडलं आणि सगळ्यांनी एकदम दाबलं. एकावर एक, एकावर एक, नुसती किंकाळी. थांबेचना. त्यातला एक शब्दही कळत नव्हता. एरवी या आवाजाने त्या घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. त्या दिवशी डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि मी त्यांना त्या आवाजावर पहिल्यांदा हसताना बघितलं.

“कोणाचंच कळलं नाही मला,” शेवटी त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं काय शिकवलं? एकेक करून बोला. आज उलटं घेऊ. चोवीस, तुम्ही पहिले.”

जरा वेळ खरखर. साहेब नीट ऐकून, थांबून बोलले. “चोवीस. मॅडम, तब्येतीला जपा.”

“जपते साहेब. तेवीस.”

प्रत्येकजण काहीबाही बोलला. कोणी नुसतं हजर म्हणाला, माळी म्हणाला जास्वंदाचं रोप घरी पाठवतो, फिटर म्हणाला चुकलं असेल तर माफ करा. तो कोण होता, मला आणि मॅडमना माहीत होतं. असं करत करत चार नंबरही झाला.

“तीन.”

खरखर.

त्यांच्या कपाळावर आठी आली. “तीन, बोला.”

खरखर थांबली. शब्द आले नाहीत. लांब कुठेतरी पोलाद घासल्याचा आवाज येत होता आणि सेटच्या अगदी जवळ कोणाचा तरी जड श्वास. पुन्हा बटण अडकलं, असं वाटून मी धडपडत उठलो. मॅडमचा तळवा वर झाला. मी होतो तिथेच थांबलो. आम्ही दोघं तो श्वास ऐकत राहिलो. मग खरखर परत आली. लगेच पुन्हा थांबली. तरी शब्द नाहीच.

मॅडमनी माइक तोंडाजवळ आणला. नेहमीसारखं आधी ऐकलं.

“तीन, ऐकलं,” त्या म्हणाल्या. आणि आवाज सावरून, “दोन.”